थोरला सैल, धाकटा सरस

३ डिसेंबर

दादा,

आई पडली. वाचून लगेच बॅग भरायला घेऊ नकोस. तू घेणार नाहीसच म्हणा. हाड मोडलेलं नाही, डोकं जागेवर आहे आणि जीभ तर पूर्वीपेक्षा जास्त चालते आहे. बाबांच्या त्या तीन खणांच्या कपाटाचा वरचा खण तिने ओढला, तर खणाची पुढची फळी तेवढी हातात आली आणि बाकीचा खण जागच्या जागी राहिला. त्या झटक्याने ती मागच्या मागे जमिनीवर बसली. मी पोचले तेव्हा फळी छातीशी धरून तशीच बसली होती. म्हणाली, आधी हिच्याकडे बघ, मला नंतर उचल.

फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान वाचतोस असा माझा समज आहे, म्हणून लिहिते.

तिला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं आहे. गुडघ्यांनी पार असहकार पुकारलाय. जिना उतरायचा म्हणजे पायरीपायरीवर टेकावं लागतं, म्हणून ती उतरतच नाही. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चालण्याला नावं ठेवते. माझ्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या झाल्यात, माझ्या घराला लागून. मालकाने जानेवारीअखेरपर्यंत त्या माझ्यासाठी धरून ठेवल्यात. पुढे त्याचा इलाज नाही. आईला हे सगळं पटलं. चक्क पटलं. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी या घरात एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात होणार.

मग तिने अट घातली. कपाट बरोबर येणार, त्याचे खण आधी नीट व्हायला हवेत, आणि ते खाली नेतील ते तिचे दोन मुलगे. हमाल नकोत. हमाल आपटतात. मी म्हटलं, मी आणि धाकटा उचलतो, माझे हात काय मेणाचे आहेत? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकी लावायला उठले.

भाडेकरूंच्या सभेत मी उभी राहिले की मागच्या रांगेतले कुजबुजणारे गप्प होतात. अधिकाऱ्यांना मी भर उन्हात खुर्चीवरून उठून बाहेर यायला लावलंय. आणि घरात ही एक बाई मला एका नजरेत खाली बसवते. तिच्याशी वाद घालायला कोणतंच पुस्तक उपयोगी पडत नाही, दादा. मी बरीच वाचलीयत.

बाबा आजारी असताना धाकट्याला काय म्हणाले, तू दारातून काय ऐकलंस आणि ते गेल्यावर आठवड्याच्या आत तू मला आणि त्याला काय सुनावून निघून गेलास, यातलं काही मी आज उकरणार नाही. 'बाबांनीच निकाल दिलाय. थोरला सैल, धाकटा सरस. मग सरसानेच चालवावा त्यांचा कारखाना.' तुझं हे वाक्य मला तोंडपाठ आहे. बघ, उकरलंच.

धाकट्याला खण दुरुस्त करायला सांगितले तर म्हणाला, वेळ नाही, भंगारात दे, मी लोखंडी कपाट आणून देतो. म्हणून खण मीच उघडायला घेतले आहेत. वरच्याच्या सांध्यांत तर कुणीतरी खिळे मारलेत. मला पटाशी कुठून धरायची तेही ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. कळव.

मधली


१४ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. दोन पानं. दीड पान व्हिनेगरवर, अर्धं पान खिळ्यांवर. आईवर एक ओळ नाही. परका माणूससुद्धा शेवटी 'काळजी घ्या' असं खरडतो. तू शेवटी लिहिलंयस, 'उकळू नये.' उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण ते निदान शेळ्यांची चौकशी करतात.

तरी तू लिहिलंस तसंच केलं. व्हिनेगर कोमट करून सांध्यांत सोडलं, ओली फडकी गुंडाळून ठेवली, लाकूड जोडणारा जुना सरस मऊ झाल्यावर आतून लाकडाचा तुकडा धरून मोगरीने हलके हलके ठोके दिले. पारव्याच्या शेपटीसारखे कापलेले ते दात एकमेकांतून सुटायला लागले तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. घरभर वास सुटला, भिजलेल्या चामड्याचा. आईने नाक दाबलं. म्हणाली, लग्न झाल्यापासून हाच वास, माणूस गेला तरी वास काही घर सोडत नाही.

आता खणांची हालहवाल. खालचा खोल तो थोरला, त्यावरचा मधला, वरचा उथळ तो धाकटा. ही नावं आपण जन्मायच्या आधीची. आपल्याला हाका मारायला बाबांनी नवीन काही शोधलं नाही, एवढाच काय तो त्यांचा दोष. थोरला सगळ्या सांध्यांत हलतोय, दात झिजून मधे फटी पडल्यात. मधला, म्हणजे माझा, ठणठणीत आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. जगाची रीतच आहे ती. जो करकरत नाही त्याला तेल मिळत नाही. आणि धाकट्याच्या प्रत्येक सांध्यात खिळे ठोकलेत. दात उभे फाटलेत.

त्यावर तुझं अर्धं पान. 'ज्याने हे केलं त्याच्या हातातली हातोडी काढून घ्या.' कुणी केलं हे तुला कळलं नसेल असं मी धरून चालत नाही. मी ती ओळ धाकट्याला वाचून दाखवली. हो, मुद्दाम. तो जेवत होता. हात धुतल्यावर शांतपणे म्हणाला:

“मीच मारले खिळे. खण निखळत होता, आई रोज कुरकुरत होती, आणि ज्याला त्या सांध्यांची माया होती तो निघून गेला होता. ये म्हणावं. ये आणि उपस म्हणावं एकेक.”

तुमच्या दोघांच्या मधे राहून मी भरडली गेले आहे. तो दिवसभर कारखान्यात प्लायवूडवर चकचकीत लॅमिनेट चिकटवतो, अंगावर भुसा घेऊन घरी येतो आणि म्हणतो, आता लाकडाचे दिवस राहिले नाहीत. तू तिकडे काचेच्या दारांच्या ऑफिसात बसतोस. वहिनी मागे सांगत होती, घरातलं टेबल खोक्यातून आलं आणि तू कागद बघून स्क्रू पिळलेस. बाबांचे दोन्ही मुलगे लाकडावर रुसलेत आणि खण दुरुस्त करतेय कोण, तर भाषणं करणारी.

एक विचारायचं राहिलं. खणाच्या तळाची फळी चरात बसते, तिच्या कडांना सरस लावायचा ना? मी पुढच्या आठवड्यात लावते आहे.

मधली


२२ डिसेंबर

दादा,

तुझं कार्ड वेळेवर आलं. 'तळाला सरस लावू नकोस. ती फळी मोकळीच हवी. लाकूड फुगतं, आक्रसतं. जखडलीस तर फाटेल.' बरं झालं लिहिलंस, मी ब्रश बुडवलाच होता. फळीला हलायला जागा ठेवावी लागते हे तुम्हा लोकांना किती पटकन कळतं.

पण आज मी त्यासाठी लिहीत नाहीये. जे झालं ते जसंच्या तसं सांगते, मधे माझी मतं घालणार नाही. प्रयत्न करते.

काल दुपारी तिन्ही खण जमिनीवर मांडले होते. आई खुर्चीत होती, हातात काठी. मला सगळं सुटं पाहून गोंधळायला झालं होतं, कुठून सुरुवात करायची ते कळेना. तिने काठीने एकेका खणाला टोचलं आणि भाजी निवडल्यासारख्या सहज आवाजात म्हणाली:

“थोरला पाचर. मधला ठीक. धाकटा सरस.”

“काय म्हणालीस?”

“थोरल्याच्या फटी मोठ्या आहेत, पातळ पाचरी माराव्या लागतील. धाकट्याला नुसता सरस पुरे. तुझे बाबा असंच सांगायचे ना कामावरच्या माणसांना. खुर्ची कानस, दार रंधा. आख्खं वाक्य बोलायला त्यांना कधी फुरसत होती?”

दादा, माझ्या हातातली पटाशी खाली पडली. आई ओरडली, धार जाईल.

मी तिला विचारलं, बाबा आजारपणात धाकट्याला जे म्हणाले, तेव्हा ते कशाकडे बघत होते? ती म्हणाली, बघणार कशाकडे, पलंगासमोर हेच कपाट होतं, दिवसभर त्याच्याकडे बघून कुरकुर चालायची, थोरला खण सैल झालाय, धाकटा सुटायला आलाय. मी म्हटलं, अगं, मग दादा निघून गेला तेव्हा तू बोलली का नाहीस? तर म्हणते, मला वाटलं तो दुसऱ्या कशावरून गेला. मला कुणी सांगितलं होतं, कशावरून गेला ते?

कुणी सांगितलं नव्हतं. खरंच. तू ते वाक्य माझ्यावर आणि धाकट्यावर फेकलंस कारखान्यात, आईसमोर नाही. आणि आम्ही दोघांनी तिला जपायचं म्हणून तोंडाला कुलूप घातलं. जपण्याने या घराचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं भांडणांनी केलेलं नाही.

आपण सुताराची पोरं. कारखान्यात सरसाच्या पातेल्याशेजारी वाढलो. जगात कुणालाही हा घोळ झाला असता तर मी समजू शकले असते. आपल्याला? बाप म्हणतो धाकटा सरस, म्हणजे धाकट्या खणाला सरस लाव, आणि ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो तो पहिला नंबर आणि दुसरा नंबर. माणसाला आधीपासून जे खुपत असतं तेच त्याला ऐकू येतं, दुसरं काय.

धाकटा संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला सांगितलं. मला वाटलं होतं हसेल, किंवा तुला शिव्या घालेल. तो खणाजवळ जाऊन उकिडवा बसला. खिळ्यांवरून बोट फिरवत म्हणाला:

“म्हणजे त्यांनी मला काम सांगितलं होतं?”

तो म्हणाला, “मला वाटलं, मला चांगलं म्हणाले. आयुष्यात एकदाच.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यानेही तेच ऐकलं होतं जे तू ऐकलंस. तू त्या वाक्यावर रुसून गेलास आणि तो त्या वाक्याला धरून राहिला. त्याला कारखाना कधीच नको होता, तुलाही ठाऊक आहे, त्याला मोटारी दुरुस्त करायच्या होत्या. बाप आपल्याला सरस म्हणाला म्हणून तो तिथे इतकी वर्षं भुसा खात बसला. आणि खणाला सरस लागायचा तो राहूनच गेला, म्हणून पुढे खिळे मारायची पाळी आली.

रात्रीचं न जेवता त्याने पकड घेतली आणि एकेक खिळा उपसला. मी मदतीला गेले तर म्हणाला, तू भाषण कर.

आता तूही काहीतरी कर. जानेवारी आलाच आहे. ज्या वाक्यावरून गेलास ते वाक्य तुझ्याबद्दल नव्हतंच. परत यायला आणखी काय हवं?

मधली


५ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा समजलं नाही म्हणून, दुसऱ्यांदा समजलं म्हणून, तिसऱ्यांदा संताप आवरेना म्हणून.

तुला माहीत होतं.

तिकडे गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, घरमालकाच्या खुर्चीचा पाय जोडायला तू दुकानात गेलास, दुकानदाराने विचारलं काय हवं, तू म्हणालास 'खुर्ची सरस', आणि ते ऐकून तिथेच उभा राहिलास. तुझ्या तोंडून बाबा बोलले. तुला त्याच क्षणी सगळं कळलं. असं तूच लिहितोस, तुझ्या त्या सुबक अक्षरात, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोयस.

आणि त्यानंतर? 'त्यानंतर येणं अवघड झालं.' एवढंच? अवघड म्हणजे काय? रस्ते वाहून गेले होते? माझं लग्न मोडलं तेव्हा अवघड होतं. आईचे गुडघे गेले तेव्हा अवघड होतं. धाकट्याचा अंगठा करवतीखाली आला आणि त्याने तो फडक्यात गुंडाळून दुपारपर्यंत काम केलं, तेव्हा अवघड होतं. तुला फक्त दारात उभं राहून 'माझ्या ऐकण्यात चूक झाली' असं म्हणायचं होतं. एका शब्दाची चूक कुणाचीही होते. पुढची सगळी वर्षं मात्र तू शुद्धीत राहून केलीस. ती चूक नव्हे, तो हट्ट. सुंभ जळूनही पीळ तसाच.

तू लिहितोस, शब्दाने काही फरक पडत नाही, कारण बाबांना मी सैलच वाटायचो. एकदा माझ्या पटाशीने फळी फाटली, त्या दिवसापासून त्यांनी मला पटाशीला हात लावू दिला नाही. असेल. मला माहीत नाही. बाबा मेलेत, त्यांना मी सभेत उभं करून जाब विचारू शकत नाही. विचारता आला असता तर सोडलं नसतं. पण एक सांगते. तू गेल्यावर तुझ्या पटाशा त्यांच्या पटाशांशेजारीच टांगलेल्या राहिल्या, हे मी तुला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. त्या विकल्या गेल्या. इथे कुणी तुझी वाट बघत देव्हारा मांडून बसलेलं नाही. इथे एक बाई तिसऱ्या मजल्यावर अडकलीये, आणि तिला खाली यायला दोन माणसं लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे.

तुला सगळं माहीत होतं हे मी धाकट्याला सांगितलेलं नाही. मी सांगणारही नाही. खूप वर्षं तुमचे निरोप पोचवले. हा तुझा तू पोचव.

कामाचं सांगते, कारण तुला तेच ऐकायचं असतं. धाकट्या खणाचे फाटलेले दात त्याने जुन्या लाकडाचे तुकडे लावून भरले. सरस त्याने स्वतः आणला, दाणेदार, आदल्या दिवशी थंड पाण्यात भिजवला, पाण्यात पातेलं ठेवून वितळवला. उकळू दिला नाही. दोघांनी मिळून खण जोडला, कारण सरस निवायच्या आत चारही कोपरे बसवावे लागतात. दोरीने दोन्ही कर्ण मोजले, सारखे आले. थोरल्याच्या फटींत पाचरी मारल्या. तो मी एकटीने केला. तुझ्या नावाचा होता म्हणून थोडे जास्तच ठोके दिले.

खण तयार आहेत. खोल्यांची किल्ली माझ्याकडे आहे. मालक महिनाअखेरीला ती परत मागेल. यायचं तर ये. पत्र पाठवू नकोस.

मधली


९ फेब्रुवारी

दादा,

आलास, उचललंस, गेलास. चहा गाळेपर्यंतसुद्धा थांबला नाहीस. तुझी गाडी संध्याकाळची होती, मला वेळापत्रक वाचता येतं.

माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती मी नंतर सविस्तर मांडीन. तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत तुम्हा दोघांत जे संभाषण झालं ते मी मागून येत ऐकलं. 'पायरी.' 'वळव.' 'थांब.' 'घे.' इतक्या वर्षांची भेट. वळणावर कपाट अडकलं तेव्हा दोघे एकाच वेळी 'उभं कर' म्हणालात आणि दोघांनीही तोंडं फिरवलीत. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. मग परत वर येऊन आईला खुर्चीसकट उचललंत. ती वर बसून, रथात बसल्यासारखी, तुम्हाला सांगत होती की भिंतीचा रंग खरवडू नका. खाली टेकवल्यावर म्हणाली, हमालांपेक्षा बरे. तेव्हा तुझं तोंड मी पाहिलं. म्हणून तक्रार पुढे ढकलली.

तू धाकट्याला काही बोललास का, मला माहीत नाही. तुला सोडायला तो कोपऱ्यापर्यंत आला होता. परतला तेव्हा त्याने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे माझ्यासाठी किती कठीण होतं याची तुला कल्पना यायची नाही.

आता नवं संकट. तळमजल्याला ओल आहे. थोडीच, पण लाकडाला ती कळते. मधला आणि धाकटा सुळकन येतात. थोरला फुगलाय, अर्ध्यावर येऊन अडतो, ना पुढे ना मागे. आईच्या सगळ्या चादरी त्यात आहेत. मी म्हटलं, धाकटा येऊन रंधा मारेल, पाच मिनिटांचं काम. आई म्हणाली, त्याला हात लावायचा नाही. कुणाचा खण आहे तो? ज्याचा आहे तो बघेल. मी म्हटलं, अगं, नाव आहे ते नुसतं, खणाचं नाव. ती म्हणाली, मला काय शिकवतेस, ती नावं मीच ठेवली होती.

तेव्हापासून ती एकाच चादरीवर झोपतेय आणि मला ऐकवतेय की इथे फार थंडी आहे. मी माझ्या घरातल्या चादरी दिल्या, तर त्या टोचतात. मी हरले. लोकांना मी सांगते की अन्यायापुढे मान तुकवू नका, आणि इथे रोज सकाळी एका फुगलेल्या खणापुढे तुकवते.

धाकटा आत्ता इथेच आहे. रोज येतो, खण ओढून बघतो, मान हलवतो आणि जातो. मी तुला लिहितेय हे त्याने पाहिलं. म्हणाला, त्याला विचार. मी म्हटलं, मी नाही विचारणार, हा घे पेन. या घरात आता प्रत्येकाने आपापलं विचारायचं. खाली जागा सोडते आहे. तो दोनदा उठून पाणी पिऊन आला. आता लिहितोय.

मधली


दादा,

खण खालून घासतोय. कडेचं थोडं काढलं की सरकेल, पण आई हात लावू देत नाही. तुझे लाड आहेत. रंध्याला धार लावून ठेवलीये. किती काढायचं ते येऊन बघ, मला अंदाज येत नाहीये.